तपासणीचं पाणी

निरंजन सर आज स्वतःच आले, हे रतनबाईंना काही बरं वाटलं नाही. दर सोमवारी सरांची विद्यार्थिनी दिव्या यायची, ओसरीवर भरून ठेवलेली पाण्याची बाटली उचलायची आणि स्कूटरवरून कॉलेजात घेऊन जायची. सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. आज दिव्यासोबत सरही, आणि सरांच्या हातात ती काचेची पट्टी.

"बसा की वाईच. च्या टाकते," रतनबाई म्हणाल्या.

"चहा नंतर. आधी तपासायचं पाणी द्या," सर म्हणाले आणि बसायचं सोडून ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले.

सर पिंपरीकडच्या एका कॉलेजात मेकॅनिकलचे प्राध्यापक. पट्टी त्यांनीच घडवलेली. बिस्किटाएवढी, पोटात केसासारख्या बारीक नाल्या. एका टोकाला पाण्याचा थेंब सोडायचा. पाण्यात क्रोमियमचं विष असलं, तर दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात रंग उमटायचा. स्वतःच्या हातानं विष कालवलेल्या पाण्यावर रंग झकास यायचा, पण घोडं पेंड खात होतं ते पुढे. खऱ्या विहिरीवर चालवून दाखवा, मगच बोलू, असं तज्ज्ञांच्या समितीनं बजावलं होतं. म्हणून तर ते चाकणच्या या शिवारात आले होते. रतनबाईंच्या विहिरीच्या वरच्या अंगाला लोखंडावर क्रोमियमचा मुलामा चढवणारी प्लेटिंगची जुनी शेड होती आणि पावसाळ्यात तिथून ओढ्याला पिवळं पाणी उतरायचं, हे सगळ्या गावानं पाहिलेलं. तरी बाटल्या एकजात शुद्ध. कॉलेजातल्या मोठ्या मशीनवरसुद्धा शुद्ध.

सरांची झोप उडाली होती. विहीर खराब निघावी, असं ते अलीकडे मनोमन घोकायचे. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाजेपायी चिडचिड आणखी वाढायची. समितीची बैठक उद्यावर आली होती.

"सर, बसा ना जरा," दिव्या म्हणाली.

"बसून काय होणार आहे?"

पाणी येईना, तसे ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथंच थबकले. रतनबाई बाटली भरत होत्या. निळ्या जारच्या नळाखाली.

"अहो, हे काय? हे तर विकतचं पाणी!"

"व्हय. पाव्हन्यारावळ्यांसाठी आनून ठिवतो."

"दर वेळी हेच भरलंत?"

रतनबाईंना प्रश्नच कळेना. "तपासायला द्याचं म्हंजी चांगलंच द्याया पायजे न्हवं? आमच्या शाळंत सायेब तपासनीला यायचा, तवा मास्तर आमाला न्हाऊ घालून, तेल-फणी करून बसवायचे. बिनआंघुळीची पोरं कोन फुडं करतं का?"

दिव्यानं कपाळावर हात मारून घेतला. 'काकू, तपासायला बाटलीभर पाणी भरून ठेवत जा,' एवढंच तिनं सांगितलं होतं. कुठलं, हे वेगळं सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सर चिडले नाहीत. ते विहिरीकडे धावत सुटले. कठड्यापाशी चपला घालून जायचं नाही, हा रतनबाईंचा दंडक गावाला ठाऊक. त्या मागून ओरडल्याही, पण ऐकायला सर जागेवर होते कुठे? पोहरा सोडला, शेंदला, थेंब पट्टीत टाकला. मागोमाग आलेल्या रतनबाईही दिव्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या.

थेंब नालीतून सरकला, वळला, कप्प्यात जाऊन बसला. काहीच होईना. मग कडेनं फिकट गुलाबी झाक आली आणि बघता बघता अख्खा कप्पा जांभळट लाल झाला.

"आला! दिव्या, आला रंग!"

पन्नाशीच्या माणसानं असं टुणकन उडी मारावी का? सरांनी मारली. दिव्याही खदखदून हसत सुटली. इतक्या महिन्यांचा जिवाला लागलेला फास एका क्षणात सैल झाला होता, आणि दुसरं काही आठवायला त्या क्षणी दोघांनाही उसंत नव्हती.

गलका ऐकून रतनबाईंची सून तेजल मागच्या दारात आली. अवघडलेली, एक हात पोटावर.

रतनबाईंनी सरांच्या हातातून पट्टी हळूच घेतली. रंग पाहिला. सरांचा फुललेला चेहरा पाहिला. आणि त्यांचे डोळे भरून आले.

"लई घोर लागला हुता ओ जिवाला," त्या म्हणाल्या. "सून गरवार हाय. आमी समदी ह्या इहिरीचंच पितो. तुमची मानसं येयाला लागली तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. कुनाला बोलून दावलं न्हाई, इतकंच." त्यांनी पट्टी कपाळाला लावली. "अन् आज बघा, इहिरीनं गुलाल उधळला!"

मग दाराकडे वळून त्यांनी हाक दिली, "तेजल, ये गं. मिटली काळजी."

तेजल हसली आणि सावकाश पायरी उतरू लागली. सरांच्या तोंडावरचं हसू अजून तिथंच होतं.