आधीचा फोटो

दूरवर फुटलेल्या एका ताऱ्याचं तेज रोज मोजायचं, साधा उजेडही आणि अतिनीलही, हे तिचं काम. आजच्या फोटोतून स्फोटाआधीचा फोटो वजा करायचा. मागे उरेल तो त्या स्फोटाचा उजेड. ही सवय घरीही सुटत नसे.

सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईचं काहीतरी बिनसलंय गं. हातात कपबशी नुसती खडखडते."

तिने आईचा आजचा फोटो मागवला आणि गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. दोन्हींत आई तशीच, हसतमुख, मांडीवर हातात हात धरून बसलेली.

"काडीचाही फरक नाही. उगाच राईचा पर्वत करू नकोस," तिने त्याला दटावलं.

दुपारी सर तिच्या स्क्रीनपाशी थबकले. "अतिनील इतकं कमी कसं येतंय? अगं, तू 'आधीचा' म्हणून घेतलेला फोटो बघ जरा. साध्या उजेडात तेव्हा काही दिसत नव्हतं, पण अतिनीलमध्ये तारा पेटलेलाच होता. आगीतून आगच वजा करत बसलीयेस की!"

ती ओशाळून हसली. मग फोन काढून तिने गेल्या वर्षीचा फोटो बोटांनी मोठा केला.


आई हसत होती, आणि डाव्या हाताने तिने उजवं मनगट इतकं गच्च आवळून धरलं होतं, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.