बाबांनी राखलेलं विमान

शेवटी भाऊने भर मैदानात, चारचौघांदेखत, दोन्ही कान धरून ताईची माफी मागितली. पण ते राहू द्या. असं काही घडलंच नाही, असं भाऊ शपथेवर सांगतो, आणि तो मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

ताई सकाळपासून विमानाचा दोर बांधलेल्या खुंटीवर बसून होती. लोखंडी खुंटीवर फार वेळ बसता येत नाही, पण ताईचा निश्चय खुंटीपेक्षा टणक होता.

"उठा आता, ताई," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "पाटीवर नाव लागतं ते विमान चालवणाऱ्याचं. बनवणाऱ्याचं. अगदीच गेलाबाजार पाडणाऱ्याचं. तुमचे वडील पहारेकरी होते."

"त्यांनी हे विमान राखलं."

"कुणापासून? एवढं धूड कोण पळवणार? काखोटीला मारून?"

भाऊ खो खो हसला. सख्खा धाकटा भाऊ. समजूत काढायला म्हणून आला होता आणि साहेबांनी मागवलेला चहा पीत साहेबांच्याच बाजूला उभा होता.

समोर विमान होतं. जुन्या लढाईतलं, चार पंख्यांचं, बाँब टाकणारं. पंखांखालून निघालेले जाड दोर चहूबाजूंनी खुंट्यांना बांधलेले, आणि प्रत्येक दोरावर एकच सूचना लटकलेली : आत येऊ नये.

ताईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बाबांच्या खांद्यावर होती. विमान कसलं, डोंगरच तो. त्याच्या सावलीत अख्खी शाळा मावली असती, मास्तरांसकट. पोटावर खिळ्यांच्या रांगा होत्या, इतक्या सरळ, की कुणी पट्टी धरून काढल्यासारख्या. वाऱ्याची झुळूक आली की एखादा पंखा आपला आपणच सावकाश फिरायचा. "झोपेत कूस बदलतंय," बाबा म्हणायचे. तिने हात लावायला हात पुढे केला, तेव्हा जन्मात न ओरडलेले बाबा तिच्यावर ओरडले. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "बाळे, मी आहे म्हणून हे जागेवर आहे. नाहीतर केव्हाच उडून गेलं असतं."

ताईने ते वाक्य वर्गात सांगितलं. वर्गाने गावभर केलं. तेव्हापासून कुणी बढाई मारली की लोक म्हणायचे, "आलं पहारेकऱ्याचं विमान!" बाबा म्हातारे झाले, अंथरुणाला खिळले, तरी त्यांचं तेच : दोर बघा. ते गेले तेव्हा सांत्वनाला आलेल्या माणसांनीही तोंडाला रुमाल लावला होता, आणि तो रडण्यासाठी नव्हता. ते ताईने पाहिलं होतं. म्हणून तिला पाटी हवी होती.

"आज हे दोर निघणार," साहेब म्हणाले. "लोकांना विमान जवळून बघायचंय, फोटो काढायचेत. इतकी वर्षं आम्ही शिस्त पाळली. आत येऊ नये म्हणजे येऊ नये. मीसुद्धा गेलो नाही. रंगारीदेखील बाहेर उभा राहून, लांब काठीला ब्रश बांधून रंग देतो."

"बाबा म्हणायचे, दोर सोडू नका."

"बाबा काय काय म्हणायचे!" भाऊ म्हणाला. "ताई, याच्यात इंजिन नाही. पेट्रोल नाही. वैमानिक केव्हाच देवाघरी गेला असेल. हे उडणार कशावर? बाबांच्या थापांवर?"

"बाबा थापा मारत नव्हते."

"मग होऊन जाऊ दे. दोर सोडू. विमान जागच्या जागी राहिलं, तर तू पुन्हा पाटीचं नाव काढायचं नाहीस."

"आणि हललं," साहेब उदारपणे म्हणाले, "तर पाटी मी स्वतः ठोकीन. हातोडीसुद्धा घरची आणीन."

ताईने विमानाकडे पाहिलं. इंजिन नाही हे तिलाही दिसत होतं. पण आता माघार घेतली, तर बाबांना थापाड्या म्हणणाऱ्यांत तीही जमा झाली असती.

ती उठली. गुडघे धरून, पण उठली. "सोडा."

शिपायांनी एकेक दोर सोडला. शेवटचा ताईच्या खुंटीचा. त्याची गाठ शिपायांना सुटेना, साहेबांना सुटेना, भाऊने तर नख मोडून घेतलं. ती बाबांची गाठ होती. ताईने पदर खोचला, गाठीत अंगठा घातला आणि ती मोकळी केली.

काही झालं नाही.

"बघ," भाऊ म्हणाला.

मैदानाच्या टोकाकडून गवत वाकवत वारा आला. विमानाने आधी एक पंख उचलला, मग दुसरा, आणि वाळत घातलेली चादर दांडीवरून सुटावी तसं ते अलगद जमीन सोडून वर गेलं. डोक्यावरून जाताना पोटाची शिवण उसवली आणि आतल्या बांबूच्या कामट्या सगळ्यांना दिसल्या. पुठ्ठ्याचं एक चाक भाऊच्या चहात पडलं. शत्रूला फसवायला कुणीतरी कापडाचं विमान उभं केलं होतं, आणि शत्रू निघून गेल्यावर ते आपल्या माणसांना सांगायचं राहून गेलं होतं. माहीत होतं फक्त एकाला, आणि त्याने गुप्ततेची शपथ घेतली होती.

"पाटी," ताई म्हणाली.

पण साहेब कर्णा घेऊन विमानामागे धावत सुटले होते, आणि त्यांचा आवाज मैदानभर घुमत होता : "सदर विमानास विनंती करण्यात येते, की त्याने उड्डाणाची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्वरित खाली येऊन आपल्या मूळ जागी उभे राहावे."