ताट रिकामं होईपर्यंत

कंपवातानं हात थरथरायला लागल्यापासून हौसराव पंगतीत जेवत नसत. चारचौघांत सांडलं तर, या लाजेनं उपाशीच उठत. सदरा अंगावर ढगळ होत चालला होता. मांडवगणला नातीच्या, सायलीच्या लग्नातही ते नवरानवरीशेजारी ताटाला हात न लावता बसून राहिले.

नवरानवरीनं नाव घेऊन एकमेकांना घास भरवले. टाळ्या झाल्या. तशा हौसरावांच्या शेजारी बसलेल्या सारजाबाई पदर सावरून मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या लग्नात मामंजींम्होरं लाजून यांनी मला घास दिलाच न्हाई. आज मीच देनार!"

"अगं, या वयात?" हौसराव पुटपुटले.

"का? दात हायेत न्हवं अजून?" म्हणत त्यांनी घास उचलला. "लापशीवर सोडली तुपाची धार, हौसरावांना घास देते, बघतंय सारं शिवार!"

सगळा मांडव हसला. हसत हसत हौसरावांनी तोंड उघडलं.

"आजी, आणखी एक!" सायली ओरडली.

सारजाबाईंनी आणखी एक नाव घेतलं, आणखी एक घास भरवला. मग भाताचा, मग वांग्याच्या भाजीचा. लोक हसत राहिले, टाळ्या वाजवत राहिले. ताट रिकामं झालं, तेव्हाच सारजाबाईंची नावं संपली.