ओली माती

“दीदी, भेगेवरची काचपट्टी कुठे गेली?”

“भिंतीतच आहे. उद्या वऱ्हाड येणार, त्यांना काय भेग दाखवू?” पांढरी माती लिंपता लिंपता ती हसली. “तू चहा घे. तुझी काच काही पळून जात नाही.”

गढवालातल्या त्या गावाच्या पोटातून बोगदा चालला होता. भेगेवर आडवी चिकटवलेली काच तडकली तर घर सरकते आहे असे समजायचे. पाळत तिची, नोंद माझी, असे ते संशोधन आम्हा दोघींचे होते. आतल्या खोलीत तिच्या लेकीच्या हातांवर मेंदी वाळत होती.

डोंगरात सुरुंग उडाला. पेल्यातला चहा थरथरला आणि भिंतीच्या आत काहीतरी किणकन तुटले. आमच्या देखत ओल्या मातीवर केसासारखी रेघ उमटली, आणि संथपणे छताकडे चढू लागली.

तिने पुन्हा मातीत हात बुडवला. तो भिंतीपर्यंत गेला, थांबला, आणि बोटांवरून पांढरे थेंब जमिनीवर गळत राहिले.

“लेकीला हाक मार,” रेघेवरची नजर न हलवता ती म्हणाली. “म्हणावं, मेंदी फिसकटली तरी चालेल, आधी बाहेर ये.”