सेंट ऑबिनचे लाडके पंच

उपतिस्सांनी दोन्ही हातांची छातीवर फुली केली आणि तळवे विरुद्ध खांद्यांना टेकवले. पंचाने असं केलं की त्याचा अर्थ एकच: माझं चुकलं, निर्णय मागे घेतो. आज ही दुसरी वेळ. सुमनोदयच्या बाजूला बसलेल्या पापरेवाल्यांनी ढोल आणि कर्णे असे काही वाजवले की सामनाच जिंकला म्हणावं.

सुमनोदय आणि सेंट ऑबिन या दोन शाळांचा वार्षिक सामना म्हणजे मातरा गावाची जत्राच. यंदा परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हट्टाने कॅमेरे आणवले होते. मैदानावरच्या पंचाचा निर्णय पटला नाही तर दाद मागायची, मग तंबूत पडद्यासमोर बसलेला तिसरा पंच यंत्रावर पाहून सांगणार.

उपतिस्स स्वतः सुमनोदयचे. तिथेच शिकले, तिच्याकडूनच खेळले. आणि तरी दरवर्षी पंच म्हणून त्यांचं नाव सुचवायचे ते सेंट ऑबिनवाले. "स्वतःच्या शाळेलासुद्धा सोडत नाही, असा सरळ माणूस," असं त्यांचे प्राचार्य भर सभेत म्हणत. सुमनोदयवाले फितूर म्हणत. उपतिस्सांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट आतून बरंच वाटे. शाळेचं मीठ खाल्लं म्हणून हा झुकला, असं कुणी म्हणू नये, यासाठी त्यांचा सगळा जीव. या नावापलीकडे त्यांनी आयुष्यात फारसं काही कमावलंही नव्हतं. ते पंच झाल्यापासून सुमनोदयला या सामन्याची विजेत्याची ढाल मिळाली नव्हती, पण त्याला ते योगायोग समजत.

चहाच्या सुट्टीत दुसरे पंच शिवनेसन शेजारी येऊन बसले. वयाने लहान, जिभेने तिखट.

"अण्णा, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावलो तर तू थांबणार आहेस का?"

"पहिल्या पोराच्या बॅटला चेंडू शिवलासुद्धा नव्हता. दुसऱ्याच्या वेळी तर लेगच्या बाहेर पडला होता. दोन्ही वेळा तुमचं बोट वर. आणि दोन्ही वेळा समोर निळं हेल्मेट."

निळा रंग सुमनोदयचा. उपतिस्स म्हणाले, "माणूस आहे, चुकणारच."

"चुकणारच की. सकाळी माझंही चुकलं. पण माझं कुठल्याही बाजूनं चुकतं. तुमचं एकाच बाजूनं चुकतं, अण्णा." शिवनेसननी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वर चहाचा घोट घेतला. "सेंट ऑबिनवाले दरवर्षी तुम्हालाच का मागतात, ते मला आज कळलं."

उपतिस्सांचा चहा तसाच राहिला. शंका असेल तर फायदा फलंदाजाला, हा पंचाचा पहिला धडा. सेंट ऑबिनच्या पोरांना तो त्यांनी नेहमी दिला. निळं हेल्मेट समोर असलं की मात्र 'लोक काय म्हणतील' हे आधी मनात यायचं आणि बोट आपोआप वर जायचं. किती पोरं मान खाली घालून परत गेली असतील. त्यांना लाज वाटली, आणि पाठोपाठ भीतीही. आता चूक सुधारायच्या नादात उलट्या बाजूला कललो तर? मग सरळ माणूस म्हणून जे काही उरलंय, तेही जाईल.

सामना शेवटच्या जोडीवर आला. सुमनोदयला जिंकायला तीन धावा हव्या होत्या. सेंट ऑबिनचा कर्णधार स्वतः गोलंदाजीला आला. चेंडू टप्पा पडून आत वळला आणि फलंदाजाच्या पॅडवर आदळला. सगळा संघ हात वर करून ओरडला. उपतिस्सांना पॅड दिसलं, मागचे स्टंप दिसले, मधलं अंतर दिसलं. लागला असता का? सांगता येत नव्हतं.

"नॉट आउट."

कर्णधाराने तत्काळ दाद मागितली. पापरे थांबले. अख्खं मैदान पडद्याकडे वळलं. यंत्राने चेंडूची वाट आखली, तेव्हा तो लेग स्टंपला बाहेरून जेमतेम चाटून जाताना दिसला. एवढ्याशा फरकात यंत्र स्वतःचं मत देत नाही. पंच जे बोलला, तेच राहतं. बोट वर केलं असतं तर तेही राहिलं असतं. उपतिस्स पडद्याकडे बघत राहिले. मोठ्या चुका आता यंत्र पकडणार होतं, पण हा केसाएवढा फरक अजूनही त्यांच्याच हातात होता. आजवर तो त्यांनी कुणाच्या पदरात घातला, हे त्यांना आता पुरतं कळलं होतं.

निर्णय कायम राहिला. पुढच्याच चेंडूवर त्या पोराने डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली आणि चेंडू सीमेपार गेला. निळे झेंडे घेऊन सुमनोदयची पोरं मैदानात घुसली. सेंट ऑबिनच्या बाजूने "हाच तो चोर!" अशी आरोळी उठली. त्यांच्या प्राचार्यांनी उपतिस्सांकडे पाठ फिरवली.

सेंट ऑबिनचा कर्णधार रिवाजाप्रमाणे हात मिळवायला आला. त्याचे डोळे भरलेले होते.

"शेवटी स्वतःच्या शाळेचेच निघालात, सर."

उपतिस्सांनी त्याचा हात सोडला नाही.

"नाही, पुता. मी कुठल्या शाळेचा, हे आज पहिल्यांदाच माझ्या लक्षात नव्हतं."