बाबांचा वाडगा कोणता

सेइजी मात्सुओंनी रिकामा वाडगा डोळ्यांसमोर उलटा धरला. चिझुरू भाताची पळी घेऊन ताटकळली होती.

"बुडाची कड बोटांना बोचते का बघ," ते म्हणाले.

"बाबा, भात निवतोय."

"भात काय, रोजचाच आहे."

दोन घास खाऊन, वाडगा विसळून पिशवीत टाकून ते निघालेसुद्धा. त्यांनी आखलेले वाडगे हासामी गावच्या चिनीमातीच्या भट्ट्यांतून ढिगांनी निघत, आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं त्यांत पोटभर जेवत. स्वतः सेइजी घरी टेकले न टेकले, की पुन्हा कारखान्यात. आई गेल्यावर चिझुरूने त्यांना अडवणंही सोडून दिलं होतं. त्या दुपारी साच्यांच्या खोलीत ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

दोन दिवसांनी शवपेटी उंबऱ्याबाहेर निघाली. कियो आत्याने हाक दिली, "चिझुरू, सेइजीचा वाडगा आण. फोडायचाय. इथलं अन्न संपलं हे कळायला हवं त्याला, नाहीतर फिरून येईल."

चिझुरूने कपाट उघडलं. तिचा वाडगा होता. आईचा ती गेली तेव्हाच फोडला होता. बाबा मात्र रोज नव्या नमुन्यात जेवत.

"आत्या, त्यांचा असा वाडगाच नाही."

"अख्ख्या देशाला वाडगे पुरवले, आणि स्वतःला एक नाही! आण कुठलाही. त्याचेच ना सगळे?"

हाताला लागला तो चिझुरूने दारातल्या दगडावर आपटला. वाडगा टणकन उडाला, घरंगळला आणि बुडावर नीट बसला. साधा टवकाही उडाला नाही.

"तो शाळेतल्या पोरांसाठीचा," साचेवाले इवानागा पुटपुटले. "फुटू नये म्हणून रक्त आटवलं त्याने."

गर्दीत कुणाला तरी हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात दडवलं.

"पुन्हा आपट," आत्या म्हणाली. "जीव खाऊन आपट. गाडी खोळंबलीये."

चिझुरूने वाडगा उचलला. माणसं मागे सरली. तिने काळ्या किमोनोच्या बाहीने त्यावरची माती पुसली.

"चिझुरू! अगं, तो परत येईल!"

चिझुरूने पेटीकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"बाबा, परत या. जेवायला थांबा."