हातवारे

मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली म्हणून दादाच्या गळ्यात राष्ट्रसन्मानाचं पदक पडलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या त्याच्या बहिऱ्या बहिणीचा ऊर भरून आला. शेजारी बसलेली लेक मामाचं भाषण तिला खुणांनी सांगत होती. “मामा म्हणतोय, बहिणीसाठीच मी खुणांची भाषा शिकलो, मुलांनाही तीच शिकवली.” बहीण चमकली. त्या शाळेची पहिली विद्यार्थिनी तीच होती. ‘हातवारे बंद, ओठ बघा,’ हा दादाचा खाक्या. बोटं हलली की हात मांडीखाली दाबून बसायची शिक्षा. आता त्याच दादाने तिच्याकडे बघत हवेत बोटं नाचवली आणि सगळं सभागृह गहिवरलं. “काय म्हणाले ते?” मागच्या बाईंनी डोळे पुसत विचारलं. “काहीच नाही,” लेक ओशाळून म्हणाली. “नुसतेच हातवारे.” कॅमेरा बहिणीकडे वळला. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती दादाच्या ओठांकडे बघत राहिली.